बाळाचे नाव काय ठेवावे? – आपल्या मातीतली नावे आणि ख्रिस्ती श्रद्धा



संत लूकलिखित शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात एका बाळाच्या नामकरणाचा प्रसंग आहे, आणि त्या नामकरणात वाद झालेला आहे. जखऱ्या आणि अलीशिबा या वृद्ध दांपत्याला पुत्र झाला. आठव्या दिवशी शेजारीपाजारी आणि नातेवाईक जमले. बाळाला बापाचेच नाव द्यायचे, असे त्यांनी परस्पर ठरवूनही टाकले होते. आई मात्र ‘योहान’ या नावावर ठाम राहिली. नातलगांची हरकत एवढीच होती की कुळात आजवर हे नाव कुणाचेच नव्हते. अखेर वाचा गेलेल्या बापाने पाटी मागवली, तिच्यावर ‘योहान’ असे लिहिले आणि वाद मिटला.

दोन हजार वर्षे लोटली, तरी हा प्रसंग आमच्या धर्मग्रामांच्या कार्यालयांत आजही घडतो. तरुण आईवडील अर्ज भरताना ‘ज्योती’, ‘केतकी’, ‘प्रसाद’ किंवा ‘अमर’ असे एखादे नाव लिहितात. सोबत आलेली आजी हळूच विचारते, “फादर, हे नाव चालेल ना? संताचं नको का?” तिच्या त्या प्रश्नात हट्ट नसतो, काळजी असते. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली श्रद्धा नातवंडाच्या नावातून निसटून तर जाणार नाही ना, अशी ती काळजी आहे. म्हणून या प्रश्नाचा विचार गांभीर्याने करावा, असे आम्हांला वाटते.

आमच्या हातून झालेली एक चूक

प्रथम एक कबुली देतो. आम्हांला गुरुदीक्षा मिळून वर्षही झाले नव्हते, त्या काळातली गोष्ट. एक दांपत्य कन्येच्या स्नानसंस्कारासाठी आले. त्यांनी ‘करुणा’ हे नाव सुचवले. सेमिनरीतून नुकतेच बाहेर पडलेल्या आम्ही मोठ्या उत्साहाने त्यांना संतांच्या नावाचे महत्त्व समजावले आणि नोंदवहीत ‘मेरी’ एवढेच नाव लिहिले. आईवडील काही बोलले नाहीत. त्या काळी धर्मगुरूंपुढे कुणी फारसे बोलत नसे.

पंचवीस वर्षांनी ती मुलगी विवाहाच्या तयारीसाठी आली. जन्मदाखला, शाळेचा दाखला, पदवी, पारपत्र, सर्वत्र ‘करुणा’. केवळ स्नानसंस्काराच्या नोंदवहीत ‘मेरी’. दोन्ही व्यक्ती एकच आहेत हे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्र, साक्षीदार आणि हेलपाटे, असे कित्येक दिवस गेले. शेवटी तिची आई आम्हांला म्हणाली, “फादर, नाव आम्ही दिलं होतं. तुम्ही लिहिलं नाहीत, एवढंच.” त्या वाक्यात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले.

त्याच आईवडिलांनी ‘पियेदाद’ हे नाव मागितले असते, तर आम्ही एका शब्दानेही हरकत घेतली नसती. ‘पियेदाद’ हा पोर्तुगीज शब्द आहे आणि त्याचा अर्थ करुणा असाच आहे! म्हणजे आमची हरकत अर्थाला नव्हती, केवळ ध्वनीला होती.

ख्रिस्तसभेचा कायदा काय सांगतो?

आजीची समजूत अगदीच निराधार नाही. १९१७ च्या धर्मकायद्यातील कलम ७६१ नुसार बाळाला ख्रिस्ती नाव दिले जाईल याची काळजी धर्मगुरूंनी घ्यायची होती. आईवडील ऐकत नसतील, तर त्यांनी दिलेल्या नावाला एखाद्या संताचे नाव जोडून दोन्ही नावे नोंदवहीत लिहावीत, असेही त्यात सांगितले होते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे: त्या जुन्या कायद्यानेही आईवडिलांचे नाव खोडण्यास सांगितले नव्हते. आमची चूक जुन्या कायद्यानुसारही चूकच होती.

१९८३ साली नवा धर्मकायदा आला. त्यातील कलम ८५५ मध्ये संताच्या नावाची सक्ती नाही. ख्रिस्ती भावनेला परके असेल असे नाव दिले जाऊ नये, याची दक्षता आईवडील, धर्ममातापिता आणि धर्मगुरू यांनी घ्यावी, एवढेच त्यात म्हटले आहे. कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथानेही (परिच्छेद २१५६) संताच्या नावाची थोरवी सांगून, स्नानसंस्काराचे नाव एखादे ख्रिस्ती रहस्य किंवा सद्‌गुण व्यक्त करणारेही असू शकते, असे स्पष्ट केले आहे. श्रद्धा, आशा, प्रीती ही तीन नावे मराठी घराघरांत आहेत. संत पौलाने ज्या तीन गोष्टी टिकून राहतात असे सांगितले, त्याच या तीन गोष्टी नव्हेत काय?

संतांची नावे आली कोठून?

आपण ज्यांना ‘ख्रिस्ती नावे’ म्हणतो, ती मुळात ख्रिस्ती नव्हती, हे आपण विसरतो. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात अनेक बंधुभगिनींना नमस्कार पाठवले आहेत. त्यांत हर्मेस आहे, नीरिय आहे. ही ग्रीकांच्या देवतांची नावे होती. त्याच पत्रात गौरवलेली फिबी हिचे नावही ग्रीक पुराणांतले आहे. अपुल्लोस हे नाव अपोलो देवतेवरून आले, तर एपफ्रदीत हे नाव अफ्रोदिती देवीवरून. अथेन्समध्ये पौलाचे प्रवचन ऐकून विश्वास ठेवणाऱ्या दियोनुस्याचे नाव मद्याच्या देवतेवरून आलेले. स्नानसंस्कार झाला म्हणून प्रेषितांनी यांपैकी कुणाचेही नाव बदलल्याचे पवित्र शास्त्रात आढळत नाही.

पुढील काळातही तेच दिसते. मार्टिन हे नाव रोमन युद्धदेवता मार्स हिच्याशी निगडित आहे. इसिदोर म्हणजे इजिप्तच्या इसिस देवीचे दान. तूरचे संत मार्टिन आणि सेव्हिलचे संत इसिदोर यांच्या जीवनाने ती नावे पवित्र झाली.

आपल्याकडे सर्वाधिक आवडते नाव फ्रान्सिस झेवियर. असिसीच्या संत फ्रान्सिस यांचे स्नानसंस्काराचे नाव ‘जोव्हान्नी’, म्हणजे योहान, होते. त्यांचे वडील कापडाचे व्यापारी. व्यापारानिमित्त फ्रान्सला गेलेले ते परतल्यावर मुलाला ‘फ्रान्चेस्को’ म्हणू लागले, असे सांगितले जाते. या नावाचा अर्थ ‘फ्रेंच माणूस’, इतकाच. ‘झेवियर’ तर एका गढीचे नाव आहे. बास्क भाषेतील ‘एचेबेरी’ या शब्दावरून ते आले असून त्याचा अर्थ ‘नवे घर’ असा आहे. आमच्या वसईत ‘नवघर’ नावाचे गाव आहे. स्पेनच्या डोंगरातील नवघराचे नाव आम्हांला पवित्र वाटते, कारण त्या घरातून एक महापुरुष निघाला आणि १५४२ साली गोव्याला पोहोचला. नाव माणसाला संत करत नाही, माणूस नावाला संत करतो.

पवित्र शास्त्र नावांचे भाषांतर करते

नावाचा अर्थ दुसऱ्या भाषेत नेण्याची प्रथा पवित्र शास्त्रातच आहे. प्रभू येशूने शिमोनाला ‘केफा’ हे नाव दिले आणि संत योहानाने लगेच त्याचे ग्रीक रूप ‘पेत्र’, म्हणजे खडक, असे देऊन टाकले. थोमाच्या नावाचा अर्थ ‘जुळा’ म्हणून त्याला ग्रीकमध्ये ‘दिदुम’ म्हटले आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या नवव्या अध्यायातील यापोची तबिथा हीच ग्रीक भाषेत ‘दुर्कस’ होते. दोहोंचा अर्थ हरिणी. राणी एस्तेरचे यहुदी नाव हदस्सा, म्हणजे एक सुगंधी झुडूप. दबोरा म्हणजे मधमाशी, राहेल म्हणजे मेंढी, तामार म्हणजे खजुरीचे झाड. इस्राएली लोकांनी आपल्या मुलींना आपल्याच शेताशिवारातील, रानातील नावे दिली. मग आपल्या अंगणातली जुई आणि आपल्या किनाऱ्यावरची केतकी स्नानसंस्काराच्या नोंदवहीत का नसावी?

हीच पद्धत पुढे नेली, तर केवढा खजिना हाती लागतो पाहा. योहान म्हणजे परमेश्वर कृपाळू आहे. आपली नावे कृपा आणि प्रसाद. मत्तय, थिओडोर, डोरोथी यांचा अर्थ देवाचे दान. आपले नाव देवदत्त. लूसी म्हणजे प्रकाश. आपली ज्योती, प्रभा. मार्गारेट म्हणजे मोती, आपली मुक्ता. अॅम्ब्रोस म्हणजे अमर, व्हिक्टर म्हणजे विजय, आयरीन म्हणजे शांती, सोफिया म्हणजे प्रज्ञा, फेलिक्स म्हणजे आनंदी, बेनेडिक्ट म्हणजे आशीर्वादित. अनास्तासिया या नावात पुनरुत्थानाचा अर्थ आहे. तिला आपली संजीवनी जवळची. अशा वेळी संताचे नाव सोडावे लागत नाही, ते मराठीत बोलू लागते. लूसीचा सण ज्योतीचा नामदिन होऊ शकतो.

दक्षिणेतील बांधवांचा धडा

आमच्या दक्षिणेकडील बांधवांनी ही वाट केव्हाच चोखाळली आहे. केरळच्या प्राचीन ख्रिस्ती समाजाने पवित्र शास्त्रातील नावे अशी आपलीशी केली की ती आता मल्याळीच वाटतात. याकोबाचा चाको झाला, योसेफचा औसेफ झाला, मत्तयाचा मत्तायी झाला, जॉर्जचा सिरियाक भाषेतून वर्गीस झाला. २००८ साली संतपद लाभलेल्या संत अल्फोन्सा यांचे बालपणीचे नाव ‘अन्नाकुट्टी’ होते. अन्ना हे पवित्र मरियेच्या मातेचे नाव, आणि कुट्टी हा मल्याळम भाषेतील लडिवाळ शब्द. स्वर्ग आणि घर एकाच नावात नांदतात!

तमिळनाडूत भाषांतराची परंपरा आहे. संत पौलाला तेथे ‘चिन्नप्पर’ म्हणतात. लॅटिन भाषेत ‘पौलुस’ म्हणजे लहान, आणि तमिळमध्ये ‘चिन्न’ म्हणजेही लहान. धर्मासाठी १६९३ साली रक्त सांडणारे संत जॉन डी ब्रिटो तमिळ जनतेचे ‘अरुळानंदर’ झाले. ‘अरुळ’ म्हणजे कृपा, आणि योहान या नावाचा अर्थही तोच.

सर्वांत तेजस्वी उदाहरण संत देवसहायम यांचे. त्रावणकोरच्या दरबारातील अधिकारी नीलकंठ पिल्लै यांनी १७४५ साली स्नानसंस्कार स्वीकारला. त्यांना ‘लाझरस’ हे नाव मिळाले, पण तमिळ रूपात – देवसहायम, म्हणजे देवाचे साहाय्य. पत्नी भार्गवी अम्माळ यांनीही पुढे स्नानसंस्कार घेतला आणि त्या ज्ञानपू झाल्या. १७५२ साली देवसहायम यांना गोळ्या घालून मारण्यात आले. १५ मे २०२२ रोजी रोम येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. हे पहिले भारतीय प्रापंचिक संत. उद्या एखाद्या बाळाला ‘देवसहाय’ हे नाव दिले, तर ते संताचे नाव की भारतीय नाव, असा प्रश्नच उरत नाही.

वसई आणि गोव्याचा वारसा

मग आपल्याकडे असे का घडले नाही? इतिहास त्याचे उत्तर देतो. १५३४ ते १७३९ या काळात वसईवर पोर्तुगीजांची सत्ता होती. स्नानसंस्काराच्या वेळी नवख्रिस्ती लोकांना पोर्तुगीज नावे मिळत, आणि धर्मपित्याचे अथवा धर्मगुरूंचे आडनावही लाभे. डिमेलो, परेरा, लोपीस, रॉड्रिग्ज ही आमची आडनावे त्या काळाची देणगी. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले. श्रद्धेने मराठीचा पेहराव केला, मात्र श्रद्धावंतांची नावे परभाषेतच राहिली. १६५९ साली रोमहून धर्मप्रसारकांना सूचना गेली होती की लोकांपर्यंत युरोप नव्हे तर श्रद्धा न्या. नावांच्या बाबतीत ती सूचना आपल्या किनाऱ्यावर फारशी रुजली नाही.

तरीही आमच्या पूर्वजांनी त्या नावांना मराठी-कोंकणी जिभेवर घोळवून आपलेसे केले. जुझे, पेद्रू, इनास, मिंगेल, बस्त्यांव, कायतान, आंतोन ही नावे लिस्बनमध्ये ऐकू येणार नाहीत. ती आपल्या वाड्यांची आहेत. पास्कोल म्हणजे पुनरुत्थान सणाचा, नाताल म्हणजे ख्रिस्तजन्माचा, दोमिंगो म्हणजे प्रभूच्या वाराचा. वांद्र्याच्या टेकडीवरील पवित्र मरियेला लोकांनी ‘मोत माउली’ म्हटले. पर्वताचा परकी शब्द आणि वारकऱ्यांची माउली यांची ही सांगड कोणा पंडिताने घातली नाही, भाविकांनी घातली.

म्हणून जुनी नावे टाकून द्या, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. वसईचे सुपुत्र गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रूसावर हुतात्मा झाले आणि १८६२ साली संत म्हणून गौरवले गेले. ‘गोन्सालो’ हे नाव मुळात इबेरियाचे, आज ते वसईचे आहे. ज्या नावासाठी आपल्या मातीतल्या माणसाने प्राण दिला, ते नाव परके कसे राहील? आजोबांचे इनास हे नाव नातवाला देणे, हादेखील वारसाच आहे.

महाराष्ट्राच्या अंतर्भागातील साक्ष

सह्याद्रीपलीकडे चित्र वेगळे आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, परिसरातील ख्रिस्ती कुटुंबांनी मराठी आडनावे टिकवली, आणि शमुवेल, याकोब, मार्था यांच्या जोडीला मराठी नावेही ठेवली. नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईत स्नानसंस्कार घेतला. ते रेव्हरंड टिळक झाले, परंतु नारायण वामनच राहिले. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. लक्ष्मीबाई टिळक लक्ष्मीबाईच राहिल्या आणि त्याच नावाने ‘स्मृतिचित्रे’ अजरामर झाली. त्यांच्या पुत्राचे नाव देवदत्त. १८८३ साली इंग्लंडमध्ये स्नानसंस्कार घेतलेल्या पंडिता रमाबाईंना जग रमाबाई म्हणूनच ओळखते. त्यांची कन्या मनोरमा. ही मंडळी कॅथोलिक नव्हती, तथापि त्यांच्या ख्रिस्तनिष्ठेविषयी कुणी शंका घेऊ शकेल काय?

येथे एक नाजूक प्रश्न उद्भवतो. अन्य धर्मीयांच्या आराध्यदेवतांची नावे आपल्या बाळांना द्यावीत का? प्रौढ वयात श्रद्धा स्वीकारणाऱ्याला आईबापांनी दिलेले नाव सोडण्याचा आग्रह करू नये, असे आम्हांला वाटते. प्रेषितांनीही तो केला नाही. मात्र नवजात बाळासाठी निवड करताना, शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यातील नाव सहज उचलण्याऐवजी सद्‌गुणांची, प्रकाशाची, फुलांची, ऋतूंची, ज्ञानाची नावे घ्यावीत. त्यात आपल्या श्रद्धेचा आणि शेजाऱ्याच्या श्रद्धेचाही मान राहतो.

निवड करताना

आईवडिलांसाठी काही सूचना. प्रथम, ज्या नावाचा अर्थ तुम्ही स्वतः मुलाला सांगू शकाल तेच नाव ठेवा. हल्ली आईच्या नावातील दोन अक्षरे आणि बापाच्या नावातील एक अक्षर जोडून नावे तयार होतात. ती ऐकायला गोड असतात, पण दहा वर्षांचे मूल जेव्हा “माझ्या नावाचा अर्थ काय?” असे विचारते, तेव्हा घरात शांतता पसरते.

दुसरे, मराठी नाव निवडल्यास त्याच्याशी अर्थाने जुळणारा संत शोधा आणि त्या संताची कथा मुलाला सांगा. हवे असल्यास दोन्ही नावे ठेवा. प्रेषितांच्या कृत्यांत शौलालाही पौल हे दुसरे नाव होतेच, एक घरचे आणि एक जगाचे.

तिसरे, स्नानसंस्कारापूर्वी धर्मगुरूंशी मोकळेपणाने बोला आणि नोंदवहीत तेच नाव लिहवून घ्या जे जन्मदाखल्यात आहे. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करावयाची असते. त्या वेळी नाव ठरले नसेल, तर बारा महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क घालता येते, आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या सुधारित कायद्यामुळे शाळाप्रवेशापासून विवाहनोंदणीपर्यंत जन्मदाखल्याचे महत्त्व फार वाढले आहे. आमच्यासारख्या धर्मगुरूच्या उत्साहाची किंमत पंचवीस वर्षांनी तुमच्या लेकीला मोजावी लागू नये.

चौथे, आजीला सोबत घ्या. तिच्या मनातील संत कोणता, तो का, हे तिला विचारा. कदाचित तिच्याच आठवणीत बाळाचे नाव दडलेले असेल.

त्या मुलीच्या विवाहाची मिस्सा आम्हीच अर्पण केली. स्नानसंस्काराच्या नोंदवहीत, बिशपांच्या कार्यालयाची रीतसर परवानगी घेऊन, ‘मेरी’ या नावापुढे आम्ही स्वहस्ते ‘करुणा’ असे लिहिले आणि खाली सही केली. लिहिताना जखऱ्याची ती पाटी आठवली. बाळाच्या नावासाठी आईचे म्हणणे मान्य करून त्याने लिहिले, तेव्हा कोठे त्याची वाचा परत आली, असे पवित्र शास्त्र सांगते. आईवडिलांनी प्रार्थनापूर्वक निवडलेले नाव ऐकण्याची आणि ते जसेच्या तसे लिहिण्याची कृपा आम्हां धर्मगुरूंना लाभो, हीच प्रभुचरणी विनंती.